स्पॅनिशमध्ये छोटंसं गिफ्ट द्यायचंय? मग 'रेगालो' म्हणायच्या आधी जरा थांबा

पुण्यात आजकाल स्पॅनिश शिकणारे ढिगानं आहेत, कोणी युनिव्हर्सिटीच्या परकीय भाषा विभागात, कोणी ऑनलाइन क्लासला, कोणी कंपनीनं मेक्सिकोच्या प्रोजेक्टवर टाकलं म्हणून नाइलाजानं. या सगळ्यांचं 'गिफ्ट म्हणजे रेगालो' हे सुरुवातीलाच पाठ होतं, आणि त्यात चूक काहीच नाही, रेगालो म्हणजे गिफ्टच. पण मग माणूस माद्रिदच्या ऑफिसात काजूकतलीचा बॉक्स घेऊन जातो, शेजारच्या टेबलावरची बाई बघून म्हणते "आय, के देताये!" आणि हा विचार करत बसतो की हिला कसले डिटेल्स पाहिजेत, काजू किती टक्के ते वाचून दाखवू का काय.

तर तिला डिटेल्स नकोयत. ती म्हणतेय "अगं बाई, आठवणीनं आणलंस!"

आधी उच्चाराचं उरकून टाकतो. या शब्दात स्पॅनिशचा जोडीचा 'एल' आहे आणि तो बहुतेक ठिकाणी 'य'सारखा ऐकू येतो, म्हणून मी देताये लिहितोय. ब्युनोस आयर्समध्ये हाच शब्द 'देताशे' असा कानावर पडेल, घाबरू नका, शब्द तोच. खालचे सगळे शब्द साधारण लॅटिन अमेरिकेतल्या उच्चारानं लिहिलेत, स्पेनमध्ये त्यातले काही 'स' जीभ दातांत धरून 'थ'सारखे होतात एवढंच.

आता देताये. मूळ अर्थ तपशील, बारकावा, आणि इंग्रजीतल्या डिटेलचा हा सख्खा भाऊ, दोघंही फ्रेंचमधून आलेले. पण स्पॅनिशमध्ये त्याला अजून एक अर्थ चिकटला तो म्हणजे सौजन्यानं, मायेनं केलेली छोटी गोष्ट. ती गोष्ट वस्तू असू शकते (चॉकलेटचा बॉक्स, कुंडीतलं रोप) किंवा नुसती कृती (तू आजारी होतीस म्हणून तुझ्या वाटच्या नोट्स काढून ठेवल्या). दोन्हीला एकच शब्द. मराठीत आपल्याला इथं दोन वेगळे शब्द लागतात, 'छोटीशी भेट' आणि 'चांगुलपणा', त्यामुळे आपली गाडी अडते. स्पॅनिश माणसाच्या डोक्यात ते एकच आहे, की तू माझा विचार केलास, मग हातात काहीतरी देऊन केलास का नुसता केलास, तो पुढचा प्रश्न.

वापरायचा कसा? 'तेनेर उन देताये कोन आल्गियेन', म्हणजे कोणाबरोबर तरी देताये 'असणं'. इथं देणं नाही, असणं हे क्रियापद आहे, आणि 'च्यासाठी'वाला पारा नाही तर 'बरोबर'वाला कोन. तुम्ही गिफ्ट देणे या मराठी वळणानं 'दार उन देताये पारा' जुळवलं तरी लोक समजून घेतील, पण कानाला खटकेल. वस्तू हातात असेल तर सोपं आहे, स्पेनमध्ये "ते ए त्राइदो उन देताये", लॅटिन अमेरिकेत "ते त्राहे उन देतायितो". तुझ्यासाठी छोटंसं काहीतरी आणलंय. बास.

रेगालो आणि देताये यातला फरक किमतीचा आहे असं बरेच जण सांगतात आणि ते अर्धंच खरं आहे. खरा फरक ओझ्याचा आहे. रेगालो म्हटलं की त्यामागं प्रसंग येतो, वाढदिवस, लग्न, स्पेनमध्ये ६ जानेवारीचा राजांचा दिवस जेव्हा मुलांना तीन राजे खेळणी आणतात, आणि प्रसंग आला की परतफेड आली, आता हिच्या वाढदिवसाला आपल्यालाही काहीतरी बघावं लागणार. देताये म्हटलं की देणारा आधीच सांगून टाकतो की हिशोब ठेवू नकोस. त्यामुळे पहिल्यांदा कोणाच्या घरी जेवायला जाताना नेलेली वाइनची बाटली देताये, आणि त्याच मित्राच्या चाळिसाव्या वाढदिवसाला नेलेली तीच बाटली रेगालो. बाटली तीच हां. याउलट, मनात नसताना केवळ रीत म्हणून द्यावं लागतं त्याला स्पेनमध्ये सरळ 'रेगालो दे कोम्प्रोमीसो' म्हणतात, आणि देताये दे कोम्प्रोमीसो असं मात्र कोणी म्हणत नाही, कारण सक्ती आली की देताये उरतच नाही.

ओझं अजून कमी करायला शब्दाला लावायच्या 'इतो', 'इता' या 'छोटंसं' सांगणाऱ्या शेपट्या आहेतच. रेगालितो, देतायितो, 'उना कोसिता' म्हणजे एक छोटीशी गोष्ट, आणि स्पेनमधलं माझं सगळ्यात आवडतं, 'उना तोंतेरिया', शब्दशः एक मूर्खपणा. "तुझ्यासाठी एक मूर्खपणा आणलाय" असं म्हणत माणूस मस्त निवडून आणलेला स्कार्फ पुढं करतो. चिलेमध्ये 'कारिन्यितो' ऐकाल, छोटीशी माया, पण अर्थ छोटी भेट. फक्त एक सांभाळा, महागडं घड्याळ देताना देतायितो म्हणू नका, समोरच्याला ते नम्र नाही तर श्रीमंतीचा माज वाटेल.

कृतीवाल्या बाजूला देताये जास्त मजेशीर आहे. कोणी तुमचा वाढदिवस लक्षात ठेवला, कोणी तुम्ही बिनसाखरेची कॉफी पिता हे न विचारता तशीच आणली, तर "के देताये" किंवा "केलंस तू, किती छान" या सुरात "के देताये पोर तु पार्ते". असं वरचेवर करणाऱ्या माणसाला 'देतायिस्ता' म्हणतात. "मी नोव्हियो एस मुय देतायिस्ता", माझा बॉयफ्रेंड अशा बारीकसारीक गोष्टी फार जपतो. पण हाच शब्द दुकानाच्या किंवा व्यापाराच्या संदर्भात आला तर तो किरकोळ विक्रेता, कारण किरकोळ विक्रीलाही स्पॅनिशमध्ये 'आल देताये' म्हणतात. म्हणजे वाक्यात प्रियकर आहे का गोडाऊन ते बघून अर्थ लावायचा.

आणि हो, टोमणा. केकचे सगळे तुकडे संपवून कोणीतरी तुमच्यासाठी रिकामा बॉक्स ठेवलाय, तेव्हाही "के देताये..." हेच म्हणतात, फक्त सूर लांबवून. पुणेकरांना हे शिकवायची गरज नाही.

ऑफिसच्या मेलमध्ये मात्र एकवचन-अनेकवचन जपा. "ग्रासियास पोर एल देताये" म्हणजे तुम्ही आठवणीनं पाठवलंत, आभारी आहे. "ग्रासियास पोर लोस देतायेस" म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार तुम्ही त्यानं पाठवलेल्या माहितीबद्दल आभार मानताय, एक्सेल शीटबद्दल वगैरे. क्लायंटनं दिवाळीला फुलं पाठवली असतील तर या एका 's'नं सगळं कोरडं होऊन जातं.

मग प्रत्येक चांगुलपणाला देतायेच म्हणायचं का? तर नाही. तुम्ही मागितलं आणि त्यानं केलं, तर तो 'फावोर'. फावोरमध्ये उधारी असते, म्हणून तर नंतर "ते देबो उना" म्हणतात, तुझं एक देणं लागतो. न मागता केलं आणि गोष्ट तुमच्या-त्याच्यातली, खाजगी, तर देताये. आणि जे चार लोकांना दिसतं, ज्याला थोडी नैतिक उंची आहे, तो 'हेस्तो', म्हणजे खेळाडूनं मॅच हरल्यावर समोरच्याला उठवून मिठी मारली, सापडलेलं पाकीट नेऊन दिलं, कंपनीनं चूक झाल्यावर पैसे परत केले. "तुवो एल हेस्तो दे" आणि पुढं क्रियापद, अशी रचना पेपरात सारखी दिसते. पाकीट परत करणाऱ्याला के देताये म्हटलं तर चालून जाईल पण जरा हलकं वाटेल, आणि कॉफी आणणाऱ्याला हेस्तो म्हटलं तर उगाच सत्कार समारंभ वाटेल.

'अतेन्सियोन' हा अजून एक आहे, हा इस्त्रीचे कपडे घालणारा. "तेनेर उना अतेन्सियोन" म्हणजे पाहुण्याचा, गिऱ्हाईकाचा मान राखून काहीतरी करणं. अनेकवचनात "ग्रासियास पोर सुस अतेन्सियोनेस", तुम्ही आमची छान सरबराई केलीत. पण "मे यामो ला अतेन्सियोन", शब्दशः माझं लक्ष बोलावलं, म्हणजे एकतर 'माझं लक्ष वेधलं' किंवा, माणूस कर्ता असेल तर बऱ्याचदा, 'मला झापलं'. बॉसनं अतेन्सियोन दिली का बोलावली यावर दिवस ठरतो.

आता फॉर्मल कपाट उघडू. 'ओब्सेकियो' आणि 'प्रेसेंते' हे दोन्ही भेटवस्तूच, पण प्रेसेंते भाषणात आणि जुन्या पद्धतीच्या पत्रात शोभतो, आणि ओब्सेकियो कंपन्या, हॉटेलं, बँका वापरतात, दोन शाम्पूवर कंगवा फुकट असतो तो कंगवा ओब्सेकियो. याचं क्रियापद 'ओब्सेकियार' आणि त्यात एक गंमत आहे, स्पेनमध्ये माणसाला वस्तू'नं' ओब्सेकियार करतात (कोन लावून), लॅटिन अमेरिकेत वस्तूच माणसाला ओब्सेकियार करतात. दोन्ही बरोबर, तुमचा क्लायंट कुठला आहे ते बघा. हॉटेलच्या रूमवर ठेवलेलं पाणी 'दे कोर्तेसिया', आणि स्पेनच्या रेस्टॉरंटात बिल दिल्यावर येणारा लिकरचा छोटा ग्लास म्हणजे चुपितो तो 'इन्विता ला कासा', घर पाजतंय.

'दादिवा' नावाचा शब्द डिक्शनरीत भेटवस्तू म्हणून दिसेल आणि दिसायला गोडही आहे. नका वापरू. स्पेनच्या दंडसंहितेत लाचेच्या कलमात हाच शब्द बसलाय, "दादिवा, फावोर ओ रेत्रिबुसियोन", सरकारी माणसानं हे घेतलं तर गुन्हा. काजूकतलीबरोबर तो जाऊ नये. स्पेनच्या २०१३ च्या पारदर्शकता कायद्यात मोठ्या पदावरच्या लोकांनी 'नेहमीच्या, सामाजिक किंवा सौजन्याच्या रिवाजापेक्षा' जास्तीचे रेगालो घेऊ नयेत असं लिहिलंय, आकडा दिलेला नाही, म्हणजे देताये कुठं संपतं आणि भानगड कुठं सुरू होते हे रिवाजावर सोडलंय. रस्त्यावरच्या भाषेत लाचेला मेक्सिकोत 'मोर्दिदा' म्हणजे चावा आणि पेरू, अर्जेंटिना, चिलेकडे 'कोइमा'.

भेट आणि हक्क यातली रेघ किती पुसट असते त्याचं एक भारी उदाहरण नाताळच्या टोपलीचं आहे. स्पेनमध्ये कंपन्या डिसेंबरात कामगारांना 'सेस्ता दे नाव्हिदाद' देतात, त्यात तुरोन नावाची बदामाची मिठाई, कावा वाइन, ऐपत असेल तर अख्खी हॅमची तंगडी. एका कंपनीनं ती बंद केली, कामगार कोर्टात गेले, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला की इतकी वर्षं सगळ्यांना सलग देत आलात तर ती आता तुमची निव्वळ उदारता राहिली नाही, तो त्यांचा हक्क झाला. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती टोपली देताये नव्हतीच.

इथपर्यंतचं सगळं कोलंबियात पोचल्यावर थोडं कोलमडतं. तिथं गिऱ्हाईक दुकानात जाऊन म्हणतं "मे रेगाला उन तिंतो?", शब्दशः मला एक काळी कॉफी भेट देता का? फुकट मागत नाहीये तो, पैसे देणारे, ही फक्त तिथली नम्रपणे मागायची पद्धत. "मे रेगाला ला क्वेंता" म्हणजे बिल आणा. "मे रेगाला सु फिर्मा" म्हणजे इथं सही करा. कोस्टा रिकातही असं बोलतात. हेच वाक्य माद्रिदच्या बारमध्ये टाकलं तर वेटर हसेल किंवा दचकेल. त्यामुळे कॉल सेंटरवर कोलंबियन गिऱ्हाईक "रेगालेमे उन मिनुतो" म्हणाला तर तो एक मिनिट थांबा म्हणतोय, ऑफर मागत नाहीये.

'इन्वितार'चंही असंच. आपल्याला वाटतं आमंत्रण. "ते इन्वितो आ उन काफे" हे वाक्य निघालं की पैसे मी देणार, हे गृहीत आहे. नुसतं चल कॉफीला एवढंच म्हणायचं असेल आणि टीटीएमएम करायचं असेल, तर "वामोस पोर उन काफे" म्हणा, इन्वितो म्हणू नका. दहा जणांना एकदम इन्वितो म्हटलं की मग खिसा बघायचा.

आता माझ्या आवडीचा भाग, बाजार. भाजीवाली वर चार मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी टाकते ना, त्या 'वरच्या'ला लॅटिन अमेरिकेत पक्का शब्द आहे आणि तो मुळात स्पॅनिश नाहीच, दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतला आहे, 'यापा', म्हणजे भर, जोड. पेरू, बोलिव्हिया, अर्जेंटिना, चिले इकडं यापा. लिमाच्या मंडईत ज्यूसवाली ग्लास भरून देते, तुम्ही तो अर्धा पिता आणि मिक्सरच्या भांड्यात उरलेलं ती परत तुमच्या ग्लासात ओतते, ती यापा, आणि लाडानं मागायची तर "यापिता, कासेरिता". (कासेरा म्हणजे नेहमीची, हक्काची. दोघी एकमेकींना कासेराच म्हणतात, गिऱ्हाईकही आणि विकणारीही.) कोलंबिया, व्हेनेझुएला आणि कॅरिबियनकडं त्याचं 'न्यापा' झालं. तिथून तो 'ला न्यापा' होऊन अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला गेला, जे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेनच्या ताब्यात होतं, आणि तिथल्या फ्रेंचमध्ये 'लान्याप' होऊन बसला, आजही तिथं वापरतात. अँडीज पर्वतातला शब्द मिसिसिपीच्या काठी. मेक्सिकोत याला 'पिलोन', क्युबात 'कोंत्रा', कोस्टा रिकात 'फेरिया'. स्पेनमध्ये यातलं काहीच रोजच्या बोलण्यात नाही, त्यामुळे सेव्हियाच्या भाजीवाल्याकडं यापा मागू नका. आणि यापा-पिलोन दोन्ही वाईट गोष्टींनाही लागतात, बस चुकली, पाऊस आला, "इ दे पिलोन" मोबाइल बंद पडला.

लक्षात घ्या, यापा ही देताये नाही. यापा सौद्याचा भाग आहे, मागता येते, नाही मिळाली तर रुसता येतं. देताये मागितलं की मेलं.

'आगिनाल्दो' हा शब्द तर देश बदलला की वेषच बदलतो. जुन्या स्पेनमध्ये नाताळात पोस्टमन, रात्रीचा पहारेकरी, कचरा उचलणारे छापील शुभेच्छापत्र घेऊन दारात यायचे आणि त्यांना आगिनाल्दो द्यायचे, ही शंभर टक्के आपली दिवाळीची पोस्त. कॅरल्स गात फिरणाऱ्या मुलांना मिळतो तोही आगिनाल्दो. मेक्सिकोत मात्र हा कायद्यानं बांधलेला बोनस, कमीत कमी १५ दिवसांचा पगार, तोही २० डिसेंबरच्या आत, श्रम कायद्याच्या ८७ व्या कलमात लिहिलेलं. अर्जेंटिनात तोच दोन हप्त्यांत, जून आणि डिसेंबर. प्वेर्तो रिकोत आगिनाल्दो हे नाताळचं गाणं आहे. आणि कोलंबियात डिसेंबरात आगिनाल्दो 'खेळतात', पैजा असतात, एक 'हो-नाही'ची, एक 'बोललं तरी उत्तर द्यायचं नाही'ची, एक तोंडात काडी धरून ठेवायची, पकडला गेलात की समोरचा ओरडतो "मिस आगिनाल्दोस!" आणि हरलेल्यानं गिफ्ट द्यायचं. म्हणून मेक्सिकन एचआरला मेल लिहिताना आगिनाल्दोला प्रेमानं दिलेलं गिफ्ट समजू नका, तो पगार आहे.

रिटर्न गिफ्टला काय म्हणायचं हे मला बरेच जण विचारतात. स्पेनच्या लग्नात पाहुण्यांना देतात ते 'देतायेस दे बोदा', इथं अनेकवचन बिनधास्त चालतं. मेक्सिकोत 'रेक्वेर्दो', म्हणजे आठवण. मुलांच्या बर्थडेला गोळ्या-चॉकलेटची पिशवी कोलंबियात 'सोर्प्रेसा', व्हेनेझुएलात 'कोतियोन', मेक्सिकोत 'बोलो' किंवा सरळ बोलसिता. बोलो मुळात बारशाचा, बाप्तिस्मा झाला की चर्चबाहेर पोरं "बोलो, पाद्रिनो!" ओरडतात आणि धर्मपिता चिल्लर उधळतो. आणि लग्नाच्या आहेराचं म्हणाल तर कोलंबिया, मेक्सिकोच्या पत्रिकेवर 'यूविया दे सोब्रेस' छापलेलं दिसलं तर घाबरू नका, 'पाकिटांचा पाऊस', म्हणजे कृपया वस्तू नकोत, रोख आणा. आपल्याकडं आहेर नको असं छापतात, तिकडं कसला हवा ते छापतात, मला तरी दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.

ऑफिसमधला चिठ्ठ्या काढून गिफ्ट द्यायचा खेळ स्पेन आणि अर्जेंटिनात 'आमिगो इन्विसिब्ले', कोलंबिया, पेरू, चिलेत 'आमिगो सेक्रेतो', मेक्सिकोत बऱ्याचदा नुसता 'इंतेर्काम्बियो'. कोलंबियात हा सप्टेंबरात प्रेम-मैत्रीच्या दिवसाला खेळतात आणि मुख्य गिफ्टच्या आधीचे दिवस गुपचूप टेबलावर गोळ्या-चॉकलेट ठेवत राहायचं असतं, त्याला 'एंदुल्सादा' म्हणतात, गोडवणं.

शेवटी घेणाऱ्याची बाजू, कारण ती पण येते. कोणी काही दिलं तर लॅटिन अमेरिकेत "नो ते उबिएरास मोलेस्तादो", स्पेनमध्ये "नो तेनियास के आबेर्ते मोलेस्तादो", कशाला त्रास घेतलास. एकदा म्हणायचं आणि घ्यायचं. आपल्यासारखं तीनदा नको नको करत बसलात तर समोरच्याला खरंच नको वाटेल, आणि त्याला स्पेनमध्ये 'आसेर उन फेओ' म्हणतात, म्हणजे समोरच्याचा अपमान करणं. मेक्सिकोत खायला पुढं केलेलं नाकारायला लागलात तर म्हातारी बाई "नो मे देस्प्रेसियेस" म्हणेल, मला झिडकारू नकोस रे, की मग भूक नसली तरी निमूट खायचं. आणि गिफ्ट बॅगेत टाकून घरी नेऊ नका, तिथल्या तिथं उघडायचं असतं, सगळे "आब्रेलो, आब्रेलो" करत बघत उभे असतात, आत काहीही निघो, आवडो न आवडो, "के बोनितो" म्हणायचं, मेक्सिकोत असाल तर "के पाद्रे".